चौकटींच्या मागचे सभासद

पतसंस्थेची निवडणूक तोंडावर आली आणि जुन्या सभासदांचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं निघालं. सेक्रेटरी एका पोराच्या डोक्यावर जुना ३८६ कॉम्प्युटर देऊन वसमतला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. "साहेब, जुनी सगळी यादी ह्याच्यात हाय म्हणतात. टाइप करणारे क्लार्क तर वारले. आता तुम्हीच बघा काही."

मशीन सुरू होण्यातलं नव्हतं. बॅटरी फुटून तिचं पाणी मदरबोर्डावर उतरलेलं. स्लॉटात मात्र एक लांबलचक कार्ड बसवलेलं दिसलं. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचं जिस्ट कार्ड, पडद्यावर भारतीय लिप्या दाखवणारं! ऐकून होतो, हातात पहिल्यांदाच आलं. तेही गंजलेलं.

हार्ड डिस्क काढून दुकानातल्या जुन्या पेंटियमला लावली. (बायको ते भंगारात घाल म्हणून मागे लागलेली असते.) डिस्क फिरली, याद्या ठेवायच्या जुन्या डीबेस प्रोग्रामची फाइलही उघडली. शेअरची रक्कम, तारखा सगळं स्वच्छ. नावांच्या रकान्यात तेवढ्या उभ्या-आडव्या रेघा आणि चौकटींचे कोपरे.

"हे काय दाखवायलंय? फाइल सडली का काय?" सेक्रेटरींचा चेहरा उतरला.

फाइल धडधाकट होती. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर एका क्रमांकानं साठवतो. डॉस ही त्या काळची कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली १७६ ते २२३ या क्रमांकांवर चौकटी काढायच्या रेघा दाखवते. इस्की या भारतीय संकेतप्रणालीत त्याच पट्ट्यात आपली बहुतेक अक्षरं बसवली आहेत. १७९ म्हणजे तिच्यात 'क'. डॉसला तिथे उभी रेघ दिसते. कार्ड जिवंत असताना त्या रेघेचा पडद्यावर 'क' करायचं काम तेच करत होतं.

ही करामत ज्यांची, त्या मोहन तांबे यांचं नाव आमच्या धंद्यातल्या पोरांनाही ठाऊक नसतं. सी-डॅक म्हटलं की परम महासंगणक आणि तो घडवणारे विजय भटकर, तिथंच गाडी थांबते. तांबे कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हांच्या गटात होते. देवनागरी टर्मिनलचं, म्हणजे देवनागरी दाखवणाऱ्या पडदा-कीबोर्डाचं, काम तिथं ऐंशीच्या दशकात झालं. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं आणि जिस्ट तिकडे आलं. इस्कीला १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. भारतीय भाषा टाइप करायच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डमागेही तांबेच.

माझ्या मते त्यांची खरी हुशारी कार्डापेक्षा एका निर्णयात आहे. फाइलमध्ये अक्षराचा आकार ठेवायचा नाही, अक्षर ठेवायचं. ते कसं दिसेल ते पडदा आणि प्रिंटर बघून घेतील. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण फाइलमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी. क्रमांकही वर्णमालेच्या क्रमानं. आजच्या कॉम्प्युटर-मोबाइलवर चालणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीनं देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतली, त्यामुळे माझा प्रोग्राम पानभरही झाला नाही. या क्रमांकाला हे अक्षर, एवढंच कोष्टक.

धास्ती होती ती कऱ्हाळ्यांची. आमच्या हिंगोली जिल्ह्यात कऱ्हाळे घरं भरपूर, आणि कॉम्प्युटर त्यांचं हमखास 'कर्हाळे' करतो, रफार थेट 'हा'च्या डोक्यावर. फाइलमधले आकडे एकेक करून पाहिले: १७९, २०८, २३२, २१६, २१८, २१०, २२५. २०७ म्हणजे साधा 'र', २०८ म्हणजे 'ऱ'. वारलेल्या क्लार्कनं प्रत्येक कऱ्हाळ्याला २०८ च दिला होता. कुणी बघणार नाही अशा ठिकाणी इतकं चोख काम! प्रोग्राम चालवला आणि सगळे कऱ्हाळे जसेच्या तसे पडद्यावर आले.

सेक्रेटरी बोट फिरवत वाचू लागले. मध्येच थबकले. "हे तर आमचे वडील. शेअर शंभर रुपये." मग लगेच धंद्यावर आले, "यातले निम्मे वर गेले असतील. त्यांची नावं कोण काढणार?"

ते काम संस्थेचं, म्हटलं मी. वारसांचे अर्ज घ्या, मृत्यूचे दाखले बघा, मग काढा.

जाताना त्यांनी खिशातून एक सीडी काढली. नंतरच्या सभासदांची यादी, डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली. उघडली तर फॉन्टही ओळखीचा नाही. आत नुसते आकार: वेलांटी आधी, अक्षर नंतर, काना सुटा, आणि दुसऱ्या फॉन्टात त्याच क्रमांकावर भलतंच काही.

"हे बी तसंच करून द्या की," सेक्रेटरी म्हणाले.

त्याचे पैसे तिप्पट सांगितले. कुरकुरले, पण सीडी ठेवून गेले.