मंग भांडा कोण घासी?

एप्रिल २०२३. अमळनेरातलं ऊन. गच्चीत जुन्या धोतरावर कुरडया वाळत घातलेल्या आणि जिन्याच्या सावलीत काठी घेऊन मी राखणीला. दुसऱ्या हातात मोबाईल, मोबाईलमध्ये सुप्रीम कोर्ट. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला कायद्याची मान्यता मिळावी म्हणून झालेल्या अर्जांवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे १८ एप्रिलपासून सुनावणी सुरू होती आणि ती थेट दाखवत होते. माझा कोर्टाशी संबंध आजवर फक्त शेताच्या बांधावरून आलेला. त्यामुळे कुणाची जमीन न जाता चाललेली केस बघायला मजा वाटत होती.

माय खालच्या पायरीवर बसून उडीद निवडत होती. ‘‘काय आयकी राह्यना भाऊ?’’

मी सांगितलं. दोन पुरुषांना एकमेकांशी लग्न करायचं आहे, दोन बायकांनाही करायचं आहे, सरकार नाही म्हणतंय. माय दचकेल, देवाचं नाव घेईल, निदान सूप तरी खाली ठेवेल, असं वाटलं होतं. तिनं दोन खडे वेचून बाजूला टाकले.

‘‘दोन बाया राहिन्यात तं काही नही. एक भाकर टाकी, एक भाजी करी. पन दोन मानसे?’’ आणि मग तिचा खरा प्रश्न. ‘‘मंग भांडा कोण घासी?’’

मी हसलो. नंतर लक्षात आलं की सरकारी बाजूचा एक मुद्दा मायच्या प्रश्नाच्या बऱ्याच जवळून जात होता. अर्जदारांचं म्हणणं असं, की १९५४च्या विशेष विवाह कायद्यात जिथं पती-पत्नी आलंय तिथं ‘जोडीदार’ असं वाचा, म्हणजे झालं. सरकार म्हणे, तसं वाचलं तर पत्नीला पत्नी म्हणून जे वेगळे हक्क दिलेत, ते दोघांतल्या कुणाला द्यायचे? माझी माय त्याच गल्लीत उभी होती, फक्त ती भांड्यांच्या बाजूनं आली होती.

मी अर्थातच अर्जदारांच्या बाजूचा. बसस्टँडसमोरच्या टपरीवर दोघातिघांशी यावरून वादही घातला. दुसऱ्यांच्या लग्नात आपलं काय जातं? आहेरसुद्धा मागत नाहीयेत. हे वाक्य टपरीवर चाललं. घरी ऐकवायला बायको नव्हती. ती आखाजीला माहेरी गेली होती.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, पण खान्देशात तिचा थाट वेगळा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतगड्याचं, सालही आखाजीलाच संपतं आणि नवं ठरतं. निघताना बायको पिशवीची चेन लावत म्हणाली होती, ‘‘सालदार बरा हो. वर्षातनं एकदा त्याला विचारतात तरी, पुढं राहणार का म्हणून.’’ मी ते विनोद म्हणून घेतलं. बस सुटेपर्यंत हसत उभा होतो.

मग घरात मी, माय आणि ‘जोडीदार’ हा शब्द. मी तो लावून बघितला. सकाळी पाण्याची मोटर जोडीदार लावील. दूध उतू जाण्याआधी जोडीदार गॅस बंद करील. फ्रीजमधल्या वाटीत काय आहे आणि ते कधीचं आहे, हे जोडीदाराला ठाऊक असेल. पत्नी हा शब्द काढला तर वाक्यं व्याकरणात बसत होती, घरात बसत नव्हती. त्यात दूध उतू गेलंच. गॅसच्या बर्नरखाली दूध जळून बसतं ते कशानं निघतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. कशानंच निघत नाही.

निकाल १७ ऑक्टोबरला लागला. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एक झाले आणि कायदा बदलायचा तर तो संसदेनं, असं ठरलं. लग्न नाही तर निदान नात्याला काही कायदेशीर दर्जा द्यावा का, यावर तीन विरुद्ध दोन, आणि नको म्हणणारे तीन. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५मध्ये फेटाळले गेले. त्याच महिन्यात तिकडे थायलंडमध्ये अशी लग्नं लागायला सुरुवात झाली.

मधल्या काळात एक बारकी गोष्ट मात्र घडली. अशा जोडप्यांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरा, असं केंद्रानं २०२४मध्ये राज्यांना कळवलं. बँकेत जोडखातं उघडायलाही आडकाठी नाही, हेही स्पष्ट केलं. म्हणजे लग्न नाही, पण तांदूळ-गहू एका डब्यात. मला हे फार आवडलं. संसार शेवटी डब्यांपासूनच सुरू होतो. आणि रेशनकार्ड हा कागद आपल्याला वाटतो त्याहून पुढारलेला आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातल्या सगळ्यात मोठ्या सज्ञान बाईला कुटुंबप्रमुख केलंय. आमच्या कार्डावर प्रमुख माय आहे. पंख्याखालची खुर्ची अजून माझी आहे, तो भाग वेगळा.

बायकोनं मध्यंतरी पेपरातून एक आकडा वाचून दाखवला. २०२४च्या सरकारी वेळ-पाहणीत बायका घरच्या बिनपगारी कामात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. मी लगेच माझी बेरीज केली आणि भाजी आणणं (गप्पांसह) धरून शंभरच्या पुढं नेली. तिनं शांतपणे पुढचं वाचलं. हे ८८ जे काम करतात त्यांचेच. न करणारे हिशेबातच नाहीत.

यंदाच्या थंडीत बोरी नदीच्या काठी मित्राच्या शेतात भरीत केलं. पुण्याहून भाचा आला होता, बरोबर त्याचा मित्र. सात वर्षं दोघं एका फ्लॅटमध्ये राहतात. आमच्या नात्यात त्याला ‘रूम पार्टनर’ म्हणतात आणि पुण्यात घरभाडी किती वाढलीत, याची चर्चा आम्ही दर दिवाळीला करतो, कारण तेवढीच करता येते. पोरगा गुणी, अबोल. मला ‘सर’ म्हणतो.

भरीत पुरुष करतात असा आमच्याकडे गवगवा आहे. आग पुरुष पेटवतात हे खरं. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात बामणोदची हिरवी थोराड वांगी, साल काळी पडून फुटते, आतून वाफ सुसाट निघते आणि भोवती सहा जण काठ्या घेऊन सहा मतं देत उभे. मग गरम गरम सोलायचं, बोटं पाण्यात बुडवत, आणि लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचायचं. बाकी वांगी धुणं, लसूण सोलणं, कांद्याची पात चिरणं, कळण्याच्या पुऱ्या पहाटे लाटून-तळून डबे भरणं, याला ‘तयारी’ म्हणतात. तयारीला कर्ता नसतो. ती झालेली असते.

जेवणं झाली. विहिरीच्या पाइपापाशी भांड्यांचा ढीग पडला. बायका उठायच्या आत ती दोघं पोरं उठली आणि तिथं जाऊन भांडायला लागली.

‘‘तू घास, मी विसळतो. परवाचा कुकर मीच घासला.’’

‘‘घासला? तू नुसता भिजत घातला होतास.’’

‘‘भिजत घालणं हे पण कामच आहे.’’

‘‘दोन दिवस?’’

माय खाटेवर बसून ऐकत होती. तिनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘यासनं लगीन व्हयेल शे.’’

क्षणभर कुणी बोललं नाही. बहीण नदीकडं बघायला लागली. भाच्याच्या मित्राचे कान लाल झाले आणि त्याच्या हातातला पेला पाण्याखाली तसाच वाहत राहिला. मग बहीण वळली, ‘‘माय, पुरी घेस का आजून एक?’’ आणि भाच्यानं परत साबण लावायला सुरुवात केली.

बायकोनं माझ्यापुढं परात सरकवली. जाळावर ठेवलेली, बुडाशी कोळशासारखी. मी पाइपापाशी उकिडवा बसलो आणि घासायला लागलो. काळं निघेना. बोटं दुखायला लागली, तसा तो पोरगा माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, ‘‘मामा, राखेनं घासा. चुलीतली घ्या, बारीक आहे.’’