गॅसबत्ती हवा धरते का, ते आधी बघा

आठवडी बाजारात किंवा भंगाराच्या ढिगात जुनी गॅसबत्ती हाती लागली की पहिला मोह होतो तो पितळ घासायचा. तो आवरा. चिंच आणि पितांबरी हे सगळ्यात शेवटचं काम. गॅसबत्ती म्हणजे मुळात हवेचं भांडं. ते हवा धरत नसेल तर टाकी आरशासारखी लखलखली तरी मेंटल, म्हणजे उजेड देणारी जाळी, उजळणार नाही.

आपल्याकडे या बत्त्या अजून बऱ्याच निघतात. वरातीत डोक्यावर मिरवलेल्या, दंडारीत आणि झाडीपट्टीच्या नाटकांत मांडवाला टांगलेल्या, आता माळ्यावर नाहीतर कोठ्यात धूळ खात पडलेल्या. पेट्रोमॅक्स हे मूळ बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कंपनीचं नाव. १९१० च्या सुमारास माक्स ग्रेट्झच्या नावातला 'मॅक्स' आणि पेट्रोलियममधला 'पेट्रो' जोडून ते तयार झालं. पुढे आपल्याकडे सगळ्याच बत्त्यांना लोक पेट्रोमॅक्स म्हणू लागले, मग टाकीवर 'प्रभात'चा शिक्का असला तरी. म्हणून शिक्का नीट वाचून घ्या. दिसायला सारख्या असल्या तरी आटे सारखे असतीलच असं नाही. एकीचा जनरेटर (घासलेटाची वाफ करणारी नळी) दुसरीत जबरदस्तीने पिळला की टाकीवरच्या बॉडीचे आटे कायमचे जातात.

विकत घेताना टाकी उलटी करा आणि बुडाची वळलेली कडा उन्हात धरून बघा. केसाएवढी बारीक रेघ दिसली आणि ती नखाला लागली तर तो ओरखडा नाही, तडा आहे. पितळ ठोकून, ओढून आकार दिला की त्यात ताण साठून राहतो, आणि अमोनिया लागला की ताणाच्या जागी पितळ चिरतं. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. त्यामागे जनावरांच्या मुतातला अमोनिया आहे, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. आपल्या बत्त्याही वर्षानुवर्षं ढोरांच्या कोठ्यातच टांगलेल्या असायच्या. भोक असेल तर भंडाऱ्याकडचे पितळेचे कारागीर कथलाचा डाख (वितळवलेल्या धातूचा जोड) देऊन बुजवतात आणि तो टिकतो, कारण बत्ती चालू असतानाही बूड थंड राहतं. तडा मात्र डाखाच्या पुढे सरकत जातो. तडकलेली टाकी शोभेला ठेवा, तिच्यात हवा भरू नका. याच कारणाने अमोनियाचा वास येणारं पॉलिश बत्तीला लावू नये.

खोलताना आधी टाकीच्या झाकणावरचा हवा सोडायचा स्क्रू ढिला करा. टाकी रिकामी दिसत असली तरी हे करायचंच. मग टोपी, आतलं कवच, काच, आणि शेवटी जनरेटर. पक्कड वापरू नका. पितळी नट मऊ असतो, पकडीने त्याचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी पाना बसत नाही. अडलेल्या नटावर उकळतं पाणी ओतून मग हलवून बघा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. चाकाच्या दांड्याभोवती गळती अडवणारा नट असतो, त्याला ग्लँड म्हणतात. त्यातली जुनी काळी दोरी ओली करूनच काढा, कारण जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. तिथे नवी ग्रॅफाइटची दोरी भरायची.

आता पंप. दांडा दाबला आणि काहीच जोर लागला नाही तर चामड्याचं वायसर वाळलंय. ते फेकू नका. काढून एरंडीच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी बोटांनी कडा बाहेर पसरवा आणि वायसरच्या वाटीचं तोंड खाली, म्हणजे टाकीच्या बाजूला, ठेवून बसवा. उलटं बसलं तर हवा ढकललीच जात नाही. घरात जवसाचं तेल असतं म्हणून ते लावायचा मोह होईल, पण ते हवेत सुकून व्हार्निशसारखं घट्ट होतं आणि महिन्याभरात चामडं लाकूड होऊन बसतं.

दांडा दाबल्यावर आपोआप वर उचलला जात असेल, किंवा पंपाच्या नळीत घासलेट आलं असेल, तर वायसर निर्दोष आहे. दोष नळीच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हचा. तो लांब पान्याने आटे फिरवून निघतो. आत बारीक स्प्रिंग आणि बुचासारखा गोल तुकडा असतो. तो तुकडा कडक झालेला किंवा खोल चरा पडलेला दिसेल. अनेक जण तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवतात. दोन दिवस छान चालतं, मग घासलेटाने रबर फुगतं आणि व्हॉल्व्ह अडकतो. घासलेटाने न फुगणाऱ्या रबराची, म्हणजे नायट्राइल किंवा व्हायटनची, चकती घ्या, जुन्या तुकड्याच्याच जाडीची. जाड झाली तर स्प्रिंग दबून राहते आणि पंप मारायला अंगातली सगळी ताकद लागते.

आता खरी परीक्षा. टाकी घासलेट न भरता सगळं बसवा, घासलेट सोडायच्या चाकावरचा बाण वर, म्हणजे बंद, करा आणि पंप मारत राहा. रिकाम्या टाकीला हवा जास्त लागते, त्यामुळे हात दुखेपर्यंत वेळ लागतो. दाब दाखवणारा काटा लाल रेघेजवळ आला की साबणाचा फेस ब्रशने सगळ्या जोडांवर लावा: झाकण, पंपाची टोपी, जनरेटरचं बूड, ग्लँड, आणि बुडाची कडाही. फुगे जिथे येतील तिथलं वायसर बदला. बऱ्याच बत्त्यांत टाकीवरच्या बॉडीखाली शिशाचं वायसर असतं. ते एकदा दबलेलं असतं, म्हणून खोललं की नवंच घाला. तासाभराने काटा जागेवर असेल तर टाकी पास. काटाच मेलेला असेल तरी हरकत नाही, तो गळत नसला म्हणजे झालं. पंप किती कडक लागतो यावरून दाब कळतो.

हवा धरूनही उजेड तांबूस आणि मंद राहतो, ही पुढची तक्रार. आधी निपल, म्हणजे जनरेटरच्या टोकाचं वाफ सोडणारं बोंडूक, तपासा. भोक केसाहून थोडंच जाड असतं. चाक फिरवलं की सुई त्यातून वर डोकावते आणि भोक साफ करते. सुई वाकडी असेल तर भोक लांबट होतं आणि असं निपल बदलावंच लागतं. निपल साफ असेल तर जनरेटरच्या वेटोळ्यात काजळीचा कोळसा साचलाय. सायकलच्या ब्रेकची वायर घ्या, टोकाच्या तारा थोड्या उसवा आणि ती वेटोळ्यातून फिरवत ढकला. काळा भुगा निघत राहील. भुगा थांबला की घासलेटाने धुऊन हवा मारा. नळी लाल होईपर्यंत तापवून कोळसा जाळणारेही आहेत, पण पितळी नळी आणि डाख यांना ती आच सोसत नाही, म्हणून हा उपाय मी सुचवणार नाही.

पावसाळ्यानंतर काढलेल्या बत्तीत आणखी एक जागा हमखास तुंबलेली असते: मिश्रण नळी, जिथे वाफ आणि हवा मिसळतात. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते, कोळी जाळं विणतो. हवा ओढलीच जात नाही आणि ज्योत पिवळी, धुरकट येते, काच काळी होते. लोक मग निपलला दोष देत बसतात. नळी काढून आरपार उजेड दिसतो का ते बघा. निपलचं टोक आणि मिश्रण नळीचं तोंड यांतलं अंतरही महत्त्वाचं. ५०० मेणबत्तीच्या पेट्रोमॅक्सला ते १५ मिलिमीटरच्या आसपास असावं. चिनीमातीचा नोझल, ज्याला मेंटल बांधतात, हाताने घट्ट बसवा आणि पाव आटा मागे घ्या. तापल्यावर त्याला फुगायला जागा राहिली नाही तर तो तडकतो.

पितळ साफ करायची वेळ आता. टाकीवर निकेलचा मुलामा असेल तर चिंच लावू नका, निकेल निघून पिवळे डाग उघडे पडतात. नुसतं पितळ असेल तर आंबट दहा मिनिटांच्या वर ठेवू नका. जास्त वेळ राहिलं तर पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं, तांबं उरतं आणि पितळ गुलाबी पडतं.

पहिल्यांदा पेटवायचं ते अंगणात, सपाट जागी. कुटार, पऱ्हाटी, कापूस यांच्यापासून लांब, आणि बाजूला मातीचं घमेलं ठेवून. टाकी पाऊण भरा, वरची जागा हवेसाठी. उन्हाळ्यात हवा भरलेली बत्ती अंगणात सोडू नका. ४५ डिग्रीच्या उन्हात आतला दाब आपोआप वाढतो. इंधन घासलेटच. पेट्रोल किंवा त्याची भेसळ कधीही नाही, त्याने बत्तीचा बाँब होतो.

मेंटल नोझलच्या खाचेत बांधा, चुण्या सगळीकडे सारख्या पसरवा आणि दोऱ्याचं लोंबतं टोक कापा. बाण वर ठेवून जनरेटर तापवायची वाटी स्पिरिटने भरा आणि पेटवा. थंडीत एक वाटी पुरत नाही, पण दुसरी भरायची ती ज्योत पूर्ण विझून वाटी जरा निवल्यावर, लांब चोचीच्या डब्याने, बाटलीने नाही. स्पिरिट संपत आलं की थोडी हवा भरा आणि बाण खाली, म्हणजे चालू, करा. मेंटल भपकन उजळून फुगलं आणि एकसारखा 'सूंऽऽ' आवाज आला की लाल रेघेपर्यंत हवा भरा. ज्वाळा वर उसळल्या तर जनरेटर पुरेसा तापलेला नव्हता. लगेच बाण वर करा, हवा सोडा, वरचं तेल जळून जाऊ द्या. पाणी टाकू नका, काच फुटते. आवाज दचके घेत असेल तर चाक एकदा पूर्ण फिरवा, सुई निपल साफ करेल. बंद खोलीत ही बत्ती ठेवू नये, ती हवेतला प्राणवायू खाते आणि विषारी वायू सोडते.

जळल्यावर मेंटलची नुसती राखेची जाळी उरते. तिला भोक पडलं तर त्यातून निघणारी ज्योत थेट काचेवर बसते आणि काच जाते, म्हणून मेंटल लगेच बदला. जुन्या साठ्यातल्या मेंटलमध्ये थोरियम असतं, किरणोत्सारी. जळत्या बत्तीजवळ बसल्याने काही होत नाही, पण ती राख नाकातोंडात जायला नको. फुटलेलं मेंटल फुंकून उडवू नका. बत्ती थंड झाल्यावर ओल्या फडक्याने टिपा, फडकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाका आणि हात साबणाने धुऊन मगच भाकरीला लावा.