गेमिंग कीबोर्ड घेताना: बटण सुटतं कधी ते बघा

लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात "गेमिंग कीबोर्ड दाखवा" म्हटलं की आधी वायर जोडून दिवे लावून दाखवतात. मग आकडे सुरू होतात. आठ हजार हर्ट्झ, पाच कोटी दाबांचं आयुष्य, ०.१ मिमी. आकडे बहुतेक खरेच असतात, पण त्यातल्या निम्म्यांचा तुमच्या खेळाशी काही संबंध नसतो. कीबोर्डांची तुलना करताना मी एकच प्रश्न धरून बसतो: बोट उचलल्यावर बटण सुटलं हे कॉम्प्युटरला किती लवकर कळतं? बाकी सगळं त्यानंतर.

असं का, ते शूटर गेममध्ये दिसतं. 'काउंटर-स्ट्राइक २'मध्ये पळता पळता झाडलेली गोळी कुठेही जाते. नेम लागायला आधी थांबावं लागतं, आणि झटकन थांबायचं तर डावीकडे नेणारं 'ए' सोडून क्षणभर उजवीकडे नेणारं 'डी' दाबावं लागतं. 'व्हॅलोरंट'मध्ये नुसतं बटण सोडलं तरी खेळाडू पटकन थांबतो. दोन्हीकडे खेळ अडतो तो 'ए' सुटल्याचं उशिरा कळण्यावर. दाबण्यातला वेग सगळे विकतात. सोडण्यातला वेग विचारावा लागतो.

सगळ्यात स्वस्त ते मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखाली रबराच्या टोप्या आणि त्याखाली छापील प्लास्टिकचे पापुद्रे. 'मेका-मेम्ब्रेन', 'सेमी-मेकॅनिकल', 'मेकॅनिकल फील' असं खोक्यावर लिहिलेलं असेल तर आत हेच आहे असं समजा. यांची खरी अडचण वेगाची नाही, एकावेळी किती बटणं ओळखतात त्याची आहे. आत आडव्या आणि उभ्या तारांचं जाळं असतं. एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकत्र दाबली की वीज फिरून चौथ्या कोपऱ्यातून जाते आणि न दाबलेलं बटण दाबल्यासारखं वाटतं. हे टाळायला कीबोर्डातली चिप तिसरं बटण सरळ दुर्लक्षित करते. म्हणून पळत, वाकत, उडी मारताना उडीच लागत नाही. मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला कीबोर्ड. चांगल्या मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा डायोड असतो, वीज उलटी फिरत नाही, आणि कितीही बटणं दाबा, सगळी पोचतात.

दुकानातच तपासा. नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट धरून ठेवा आणि ए ते झेड सगळी अक्षरं एकेक करून टाइप करा. जी अक्षरं उमटत नाहीत ती त्या कीबोर्डाची आंधळी बटणं. मग ब्राउझरमध्ये कुठलंही कीबोर्ड टेस्टर उघडून शिफ्ट, डब्ल्यू, ए, स्पेस आणि आर एकदम धरा. पाचही उजळली पाहिजेत. काउंटरवरचा माणूस कंटाळेल, कंटाळू दे.

मेकॅनिकल स्विचमध्ये दांडा खाली जाताना धातूची पट्टी सुटते आणि संपर्क होतो. चेरीचे एमएक्स स्विच १९८० च्या दशकातले; आज गॅटेरॉन, कैल, आउटेमू हे सगळे त्याच आकाराचे स्विच बनवतात, म्हणून मापं समजायला चेरीचीच घेऊ. स्विचची नावं रंगांवरून आहेत. रेड सरळ खाली जातो, दाब सुमारे ४५ ग्रॅमचा, २ मिमीवर 'लागतो' (म्हणजे दाबल्याचं कॉम्प्युटरला कळतं), एकूण प्रवास ४ मिमी. ब्राउनला मध्ये बारीकसा अडसर लागतो आणि दाब ५५ च्या आसपास. ब्लूला ६० च्या आसपास, २.२ मिमीवर, आणि टकटक आवाज. स्पीड सिल्व्हर १.२ मिमीवरच लागतो; टायपिंग करताना बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं, म्हणून ऑफिसचं कामही त्याच कीबोर्डवर करणार असाल तर मी तो सुचवत नाही.

ब्लूबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे मेकॅनिकल म्हटलं की लोकांना टीव्हीएस गोल्डचा टकटकाट आठवतो. बँका-कचेऱ्यांमध्ये तो वर्षानुवर्षं टिकला, टायपिंगला उत्तमच. पण ब्लूची रचना अशी आहे की जिथे बटण लागतं तिथेच ते सुटत नाही. त्याच्याही वर यावं लागतं, मग पुढचा दाब मोजला जातो. पटापट दोनदा दाबताना हा फरक बोटाला जाणवतो. शिवाय दोन खोल्यांच्या घरात रात्री अकरानंतर ब्लू वाजवलात तर बाहेरच्या खोलीतून ओरडा येणारच. मेकॅनिकल घ्यायचा तर गेमसाठी रेड किंवा सायलेंट रेड घ्या आणि विषय संपवा.

मेकॅनिकलची मर्यादा आता बघा. रेड तळापर्यंत ४ मिमी दाबलेला आहे. तो सुटला असं ठरायला साधारण २ मिमीपर्यंत वर यावा लागतो. बोट उचललंय, पण अर्धा प्रवास होईस्तोवर कॉम्प्युटरला वाटतं बटण दाबलेलंच आहे. त्यात धातूचा संपर्क सुटताना थरथरतो, आणि एका दाबाचे दोन होऊ नयेत म्हणून कीबोर्ड काही मिलिसेकंद थांबतो. या थांबण्याला डीबाउन्स म्हणतात; ५ मिलिसेकंद ही नेहमीची सेटिंग.

मॅग्नेटिक, म्हणजे हॉल इफेक्ट स्विचमध्ये धातूला धातू लागतच नाही. दांड्यात छोटं लोहचुंबक असतं, खाली बोर्डवर सेन्सर. बटण किती खोल आहे हे तो सतत मोजत असतो. त्यामुळे 'लागलं की नाही' एवढंच न विचारता 'बोट वर निघालं का' हेही विचारता येतं. यालाच रॅपिड ट्रिगर म्हणतात. ०.२ मिमी लावलंत तर बोट कुठल्याही खोलीवरून ०.२ मिमी वर सरकलं की बटण सुटलं आणि परत ०.२ खाली गेलं की लागलं. रेडमधल्या २ मिमीशी तुलना करा, म्हणजे पैसे कशाचे घेतात ते कळेल. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने हे लोकप्रिय केलं. आता चिनी कंपन्यांचे बरेच स्वस्त बोर्डही हेच देतात.

पण ०.१ मिमीचा मोह टाळा. सेटिंग मी अशी सुचवेन: डब्ल्यू-ए-एस-डी ही चालण्याची चारही बटणं ०.८ ते १ मिमीवर लागू द्या, रॅपिड ट्रिगर ०.२ ते ०.३. बाकीची बटणं १.५ ते २ मिमीवर आणि रॅपिड ट्रिगर बंद. ग्रेनेड, अल्टिमेट, हत्यार टाकण्याचं बटण यांना तर हमखास बंद, नाहीतर बोट घासलं तरी भलतंच होतं. कंट्रोलवर रॅपिड ट्रिगर चालू ठेवलात तर बसून राहताना करंगळीचा दाब किंचित कमी झाला की खेळाडू आपोआप उभा राहतो. गेमचा त्यात काही दोष नाही, तळाशी ०.२ ते ०.३ मिमीचा डेडझोन, म्हणजे जिथली हालचाल मोजलीच जात नाही असा पट्टा, दिला की हे थांबतं. काही बोर्डांत 'कंटिन्युअस' नावाचं खूणघर असतं. ते चालू असेल तर बटण अगदी वर येईस्तोवर रॅपिड ट्रिगर जागा राहतो, बंद असेल तर ठरवलेल्या बिंदूच्या वर गेल्यावर झोपतो. आधी बंद ठेवून खेळा.

ही सेटिंग करायचं पान बहुतेकदा ब्राउझरमध्येच उघडतं, आणि क्रोम किंवा एजमध्ये चालतं. फायरफॉक्समध्ये बोर्ड दिसत नाही म्हणून तो बिघडलाय असं समजू नका. पहिल्या दिवशी कॅलिब्रेशन करा: प्रत्येक बटण तळापर्यंत दाबून पूर्ण सोडायचं. चुंबक आणि सेन्सर दोघांवरही तापमानाचा परिणाम होतो. एसी खोलीत कॅलिब्रेट केलेला बोर्ड मे महिन्यात पंख्याखाली आणला आणि एखादं बटण न दाबता लागू लागलं, तर परत कॅलिब्रेट करा. आणि मॅग्नेटिक बोर्डात साधे मेकॅनिकल स्विच चालत नाहीत. दुसऱ्या कंपनीचे मॅग्नेटिक स्विचही चुंबकाची दिशा जुळली तरच चालतात.

ऑप्टिकलमध्ये दांडा इन्फ्रारेड किरण अडवतो. थरथर नाही, गंजणं नाही, पण बहुतेकांत लागण्याचा बिंदू ठरलेला असतो.

एक धोक्याची सूचना. जुलै २०२४ मध्ये रेझरने स्नॅप टॅप आणलं: 'ए' धरलेलं असताना 'डी' दाबलं तर कीबोर्ड स्वतःच 'ए' सोडतो. इतर बोर्डांत हेच एसओसीडी किंवा तत्सम नावाने असतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'काउंटर-स्ट्राइक' बनवणाऱ्या व्हॉल्व्हने आपल्या अधिकृत सर्व्हरवर याला बंदी घातली. 'काउंटर-स्ट्राइक २'मध्ये हे वापरताना आढळलात तर सामन्यातून बाहेर काढलं जातं. रॅपिड ट्रिगरला अडचण नाही. दोन्ही सेटिंग्ज एकाच पानावर शेजारी असतात, तेव्हा नीट बघून बंद करा.

आठ हजार हर्ट्झचं गणित छोटं आहे. एक हजार हर्ट्झला कीबोर्ड दर १ मिलिसेकंदाला माहिती देतो, आठ हजारला दर ०.१२५ ला. सरासरी फायदा अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर एक चित्र जवळपास ७ मिलिसेकंद टिकतं, ६० हर्ट्झवर १६.७. तुमची स्क्रीन ६० ची असेल तर कीबोर्डाचे जास्तीचे पैसे आधी मॉनिटरवर घाला. वायरलेस हवा असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवाला घ्या, ब्लूटूथवर शूटर खेळू नका. गोष्टीचे गेम, फुटबॉल किंवा 'जीटीए' खेळणाऱ्यांना मॅग्नेटिकची गरजच नाही. साधा हॉट-स्वॅप (म्हणजे स्विच हाताने काढता-घालता येणारा) रेड भरपूर झाला.

हॉट-स्वॅपवर मी आग्रही आहे आणि त्याला कारण मुंबईची हवा. समुद्राजवळच्या घरात, विशेषतः पावसाळ्यात, धातूच्या संपर्कावर थर बसतो आणि एकदा दाबलं की 'अअ' उमटू लागतं. तात्पुरता उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्स ५ वरून १० मिलिसेकंद करणं. कायमचा उपाय स्विच बदलणं. हॉट-स्वॅप असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर सोल्डरचे डाग काढायला कारागीर शोधा. स्विच बसवताना धातूच्या दोन्ही पिना सरळ आहेत का ते डोळ्यासमोर धरून बघा. वाकडी पिन सॉकेटात न जाता खाली दुमडते आणि बटण मेल्यासारखं वाटतं. दाबताना बोर्डाच्या मागून सॉकेटला बोटाचा आधार द्या, नाहीतर सॉकेट बोर्डावरून उचकटतं. पाच पिनांचा स्विच तीन पिनांच्या बोर्डात बसवायचा तर प्लास्टिकचे दोन जास्तीचे पाय नेलकटरने कापा. काही स्वस्त बोर्डांच्या सॉकेटात फक्त आउटेमूच्या बारीक पिनाच जातात, हे घेण्याआधी विचारा. कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, पीबीटी प्लास्टिकच्या असतील तर घामाने लवकर गुळगुळीत होत नाहीत. एबीएसच्या काही महिन्यांत चकाकतात.

चहा सांडला तर आधी वायर काढा, बोर्ड उलटा करा, कीकॅप आणि स्विच काढा. साखर आणि दूध आत वाळलं की चिकटा जात नाही, म्हणून ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसा आणि दोन दिवस पंख्याखाली ठेवा. मग जोडा, त्याआधी नाही.

आकाराचं थोडक्यात: माउस हात फिरवून खेळत असाल तर ६१ किंवा ६८ बटणांचा बोर्ड घ्या, जागा सुटते. ६१ बटणांत बाणांची बटणं नसतात आणि एस्केपच्या जागी दडलेलं ` हे बटण (गेममधली कन्सोलची, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी उघडणारं) एफएन धरून काढावं लागतं. टॅलीत काम असेल तर १०४ बटणांचाच. इनस्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्यांना ६१ बटणं पुरतात, कारण क्ष, ज्ञ, त्र, श्र शिफ्टसह आकड्यांच्या ओळीत आहेत आणि ऑ उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर. दोन्ही शाबूत असतात.

मराठी लिहिणाऱ्या गेमरची खरी अडचण वेगळी आहे. विंडोजमध्ये दोन भाषा असल्या की डाव्या ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलते. चालायला शिफ्ट, बोलायला ऑल्ट, आणि ऐन राउंडमध्ये कीबोर्ड मराठी होतो. मग डब्ल्यू-ए-एस-डीच्या जागी ै, ो, े आणि हलन्त जातात. काही गेममध्ये खेळाडू जागचा हलत नाही, आणि चॅट तर सगळीकडेच बिघडतं. कीबोर्ड परत करायला दुकानात जाण्याआधी विंडोज ११ मध्ये हे करा: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज, चेंज की सीक्वेन्स. तिथे दोन्ही खान्यांत 'नॉट असाइन्ड' निवडा. भाषा बदलायला विंडोज-स्पेस तरीही चालतं, आणि कीबोर्डाचा गेम मोड चालू असेल तर विंडोज बटणही खेळताना बंद राहतं. तिथेच असताना अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन स्टिकी कीजचा शॉर्टकटही बंद करा, म्हणजे पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर मध्येच खिडकी उघडणार नाही.