तुम्ही विचारलंत म्हणून: ती कॉन्फिग फाईल

"ताई, तुमची प्लेराइटची कॉन्फिग फाईल पाठवाल का?" महिन्यातून दोनतीनदा तरी हा मेसेज येतो. कधी जुन्या ऑफिसातला एखादा मुलगा असतो, कधी टेस्टिंगवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधलं कुणी, तर एकदा चक्क नणंदेच्या मुलीची मैत्रीण. कारणही ठरलेलं: वेबसाईट तपासणाऱ्या टेस्ट स्वतःच्या लॅपटॉपवर पास होतात आणि पाइपलाइनवर, म्हणजे त्या आपोआप चालवणाऱ्या दूरच्या मशीनवर, चढवल्या की पडतात, म्हणजे कॉन्फिगमध्येच काहीतरी राहिलं असणार. तुमचं चालतंय ना, मग तुमची द्या.

द्यायला माझी ना नाही. टेस्ट कशा चालवायच्या हे सांगणारी ऐंशीएक ओळींची फाईल आहे, त्यात गुपित ते काय. पण आजवर तिघांना दिली आणि तिघांचेही आठवड्याभरात परत फोन आले. म्हणून हल्ली आधी थोडं बोलते, मग देते.

प्लेराइट ही मायक्रोसॉफ्टने २०२० साली बाहेर आणलेली, ब्राउझर आपोआप चालवून वेबसाईट तपासायची लायब्ररी. ती बांधणारे लोक आधी गूगलमध्ये पपेटियर या तशाच लायब्ररीवर काम करत होते. माझी त्याआधीची सगळी वर्षं सेलेनियम या त्याच कामाच्या जुन्या साधनात गेली. तिथे आम्ही दर दोन ओळींमागे 'तीन सेकंद थांब' असं लिहायचो आणि तरीही देवाचं नाव घ्यायचो. प्लेराइट क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, सुरू आहे का, त्याच्यावर दुसरं काही येऊन बसलेलं नाही ना, हे स्वतःच बघतं. त्यामुळे लोकांना वाटतं की आता कॉन्फिगमध्ये करण्यासारखं काही उरलेलं नाही.

पण तुम्ही कॉन्फिगमध्ये एक अक्षर लिहिलं नाहीत, तरी तिथे एक माणूस आधीच येऊन बसलेला असतो. त्याची भाषा अमेरिकन इंग्रजी. त्याच्या ब्राउझरची खिडकी १२८० बाय ७२०, झूम शंभर टक्के. त्याचं घड्याळ ज्या मशीनवर टेस्ट चालते तिचं, म्हणजे पाइपलाइनवर बहुतेक वेळा यूटीसी, ही जागतिक प्रमाणवेळ. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ते पतसंस्थांसाठी आहे, पडदाभर मराठी. या गृहस्थाला आमच्याकडे ना ठेव ठेवायचीय ना सोनंतारण कर्ज काढायचंय. तरी दोन वर्षं आम्ही सगळ्या टेस्ट त्याच्याकडून करून घेत होतो, आणि तो बिचारा रोज सगळं हिरवं दाखवत होता.

पहिला झटका बसला तो आकड्यांचा. एका शाखेतून फोन आला की कर्जाच्या पडद्यावर हप्त्याच्या जागी 'एनएएन' अशी इंग्रजी अक्षरं येतात. जावास्क्रिप्टच्या भाषेत याचा अर्थ 'हा आकडाच नव्हे'. आमच्याकडे कुणालाही ते दिसेना. दोन दिवस फोनवर भांडून झाल्यावर मी स्वतः एसटी पकडून त्या शाखेत गेले. कॅशिअर बाईंचा क्रोम मराठीत होता. एवढंच. क्रोम मराठीत असला की, भाषा न सांगता मांडायला दिलेली रक्कम तो देवनागरी आकड्यांत लिहितो: १,२५,०००. आमच्या कोणा हुशाराने हप्ता काढताना तीच पडद्यावरची रक्कम परत वाचायची, स्वल्पविराम काढायचे आणि तिची संख्या करायची, असं लिहून ठेवलं होतं. इंग्रजी आकडे असतील तोवर हे चालतं. देवनागरी आकडे जावास्क्रिप्टला संख्या वाटतच नाहीत.

कॉन्फिगमध्ये ब्राउझरची भाषा आणि देश सांगणारी, लोकेल नावाची एक ओळ असते. तिथे मराठी-भारत असा कोड टाकला आणि त्या रात्री साठच्या वर टेस्ट लाल झाल्या. त्यातल्या निम्म्या टेस्टच्याच चुका होत्या, निम्मे खरे बग. मला आजवर इतकं काम एका ओळीने लावलेलं नाही.

मग घड्याळ. आमची रात्रीची फेरी दोन वाजता सुटायची आणि ठेव पावतीची टेस्ट रोज पडायची. सकाळी दहाला येऊन हातानं चालवली की पास. ग्रुपवर कुणी म्हणालं सर्व्हरचा बॅकअप त्या वेळी चालतो, कुणी म्हणालं नेटवर्क. कारण अगदी शाळकरी होतं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात पाइपलाइनच्या मशीनसाठी अजून कालचाच दिवस चालू असतो. टेस्ट 'आजची' तारीख कालची धरायची, आणि सर्व्हर पावतीवर खरी आजची छापायचा.

मी टाइमझोनच्या ओळीत एशिया-कोलकाता टाकलं आणि विजयी मुद्रेने घरी गेले. दुसऱ्या दिवशी टेस्ट पुन्हा पडलेली. ती ओळ फक्त ब्राउझरचं घड्याळ बदलते. टेस्टचा स्वतःचा कोड ब्राउझरबाहेर, नोड नावाच्या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालतो आणि त्याचं घड्याळ वेगळं. ते पाइपलाइनच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे त्या मशीनच्या सेटिंगमध्ये, टीझेड म्हणून वेगळं द्यावं लागतं. माझी फाईल नेणाऱ्या तिघांपैकी दोघांचा परतीचा फोन याच कारणाने होता: ओळ नेली, पण पाइपलाइनमधली दुसरी ओळ फाईलमध्ये नव्हतीच, ती कुठून नेणार? (२०२४ पासून प्लेराइटमध्ये ब्राउझरचं घड्याळ हवं त्या तारखेला नेऊन ठेवता येतं. ३१ मार्चच्या टेस्टसाठी मी ते हौसेनं वापरायला गेले. पान म्हणतंय आज ३१ मार्च, सर्व्हर म्हणतोय आज १२ जुलै, आणि दोघांच्या मध्ये व्याज. तो नाद सोडला.)

फाँटची गोष्ट सांगताना अजून लाज वाटते. पाइपलाइनसाठी आम्ही आमची बारकी लिनक्स इमेज (टेस्ट चालवायच्या मशीनचा तयार साचा) बांधली होती, डाउनलोड लवकर व्हावी म्हणून लागेल तेवढंच घातलेली. तिच्यात देवनागरी फाँट नव्हता. म्हणजे पाइपलाइनमध्ये आमचं सबंध सॉफ्टवेअर रिकाम्या चौकोनांच्या रांगा दाखवत होतं, आणि टेस्ट पास होत होत्या. का नाही होणार? टेस्ट पानाच्या पोटातला मजकूर वाचते, तिला तो काढून दाखवायची गरज नसते. पोटात 'खातेदाराचे नाव' होतं, झालं. आमच्याकडे स्क्रीनशॉट ताडून बघणाऱ्या टेस्टही होत्या. त्यांचे मूळ नमुने त्याच इमेजमध्ये काढलेले, म्हणजे चौकोन चौकोनांशी तंतोतंत जुळत होते. ते नमुने मंजूर करणाऱ्याचं नाव गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, शोधलं. मीच होते.

लोहित हा देवनागरी फाँट इमेजमध्ये टाकला तेव्हा कळलं की बटणांची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेली आहे. 'मुद्दल'चा उकार कापला जात होता. वर रफार, खाली उकार, या दोन मजली लिपीला किती जागा लागते हे डिझाइन करणाऱ्याला चौकोन बघून कसं कळावं? स्क्रीनशॉटचे नमुने मात्र मॅकवर काढून लिनक्सवर ताडू नका. प्लेराइट फाईलच्या नावातच मशीनचा प्रकार घालतं, ते उगाच नाही.

एक त्रास असा आहे की जो कोणत्याच कॉन्फिगने सुटत नाही. मी बटणं आणि रकाने त्यांच्या मराठी नावांनी शोधते, कारण कॅशिअरही तशीच शोधते. 'ठेव ठेवणाऱ्याचे नाव' हा रकाना एकदा सापडेचना. पडद्यावर दिसतोय, टेस्टमध्येही तेच शब्द, अक्षर न् अक्षर तेच. नव्हतं. आपला 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खास मराठीसाठी दिलेल्या 'ऱ'ला हलन्त लावून. दुसरा, साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला दोन वेगळे शब्द. भाषांतराची फाईल दोघांनी दोन कीबोर्डांवर टाइप केलेली. आता त्या फाईलवर एक छोटी स्क्रिप्ट चालते आणि सगळे 'ऱ्या' एका पद्धतीचे करून ठेवते. हे कुणाही इंग्रजी ट्युटोरियलवाल्याने सांगितलं नसतं, म्हणून जरा लांबण लावली.

आता ज्यासाठी तुम्ही खरं म्हणजे फाईल मागता ते: टाइमआउट (किती वेळ वाट बघायची) आणि रिट्राय (पडलेली टेस्ट पुन्हा किती वेळा चालवायची). मूळचे आकडे असे. पूर्ण टेस्टला ३० सेकंद, एखादी गोष्ट दिसावी म्हणून वाट बघायला ५ सेकंद, आणि एका क्लिकला वेगळी मर्यादाच नाही. रिट्राय मुळात शून्य, पण नवीन प्रोजेक्ट सुरू करताना जी फाईल तयार होऊन मिळते तिच्यात पाइपलाइनसाठी २ लिहिलेले असतात. टेस्ट पडायला लागल्या की लोक ५ चे १५ करतात, २ चे ४ करतात, आणि माझ्या फाईलमध्ये कितीचे आहेत असं विचारतात. माझ्याकडे ५ च आहेत. काउंटरवर रांग लागलेली असताना पावती यायला पाच सेकंदांहून जास्त लागत असतील तर टेस्ट पडू दे, ती खरंच बोलतेय.

रिट्राय १ ठेवलाय, आणि तोही पुरावा मिळावा म्हणून. पहिल्या रिट्रायला ट्रेस काढ, अशी एक सोय आहे. ट्रेस म्हणजे टेस्टचं पाऊल न् पाऊल मागे जाऊन बघता येणारी नोंद. रिट्राय शून्य ठेवून ती ओळ लिहिली तर रिट्राय होतच नाही, म्हणून ट्रेसही कधीच निघत नाही. तिसरा परतीचा फोन हा होता. दुसऱ्या फेरीत पास झालेल्या टेस्टला रिपोर्टमध्ये 'फ्लेकी', म्हणजे बेभरवशाची, असा वेगळा शिक्का मिळतो. आमच्याकडे त्या शिक्क्याची सोमवारी हजेरी घेतली जाते.

वर्कर्सबद्दल, म्हणजे एकाच वेळी शेजारीशेजारी टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेसबद्दल, थोडक्यात. प्लेराइट आपणहून मशीनच्या निम्म्या कोअरएवढे वर्कर लावतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका युजरला एकच लॉगिन, दुसरीकडे उघडलं की पहिलं बाहेर. चार वर्कर एकाच नावाने शिरले की एकमेकांना हाकलत बसायचे. प्रत्येक वर्करला त्याचा स्वतःचा कॅशिअर दिला, प्रश्न मिटला. आणि 'ओन्ली' (फक्त हीच टेस्ट चालव, अशी खूण) काढायला विसरलात तर पाइपलाइन अडवणारी ती ओळ कृपा करून काढू नका. एकदा मी एकाच टेस्टवर काम करताना 'ओन्ली' लावून तसंच ढकललं, आणि सहा दिवस आमची अख्खी फेरी म्हणजे ती एक टेस्ट होती. वेळ कमी लागतोय म्हणून साहेबांनी कौतुकही केलं.

त्या एसटीच्या फेरीत मी एक वही नेली होती. कॅशिअर बाईंचा मॉनिटर १३६६ बाय ७६८. चष्मा लागलाय म्हणून झूम १२५ टक्के. खालची टास्कबार आणि वरच्या ब्राउझरच्या पट्ट्या वजा करून सव्वाने भागलं, तर पानाला उरते सुमारे १०९२ रुंदी आणि ५०० च्या आसपास उंची. तेच आकडे आता फाईलमध्ये आहेत. मात्र खिडकी लहान करून भागत नाही, कारण क्लिक करायच्या आधी प्लेराइट पान स्वतःच सरकवून घेतं आणि खाली दडलेलं बटणही त्याला मिळतं. 'जमा करा' हे बटण न सरकवता दिसलं पाहिजे, अशी तपासणी वेगळी लिहावी लागली.

प्लेराइटमध्ये प्रत्येक ब्राउझरच्या मांडणीला प्रोजेक्ट म्हणतात आणि त्याला नाव देता येतं. लोक क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट अशी ब्राउझरचीच नावं ठेवतात. आमच्या रिपोर्टमध्ये पहिल्याचं नाव 'कॅशिअर काउंटर' आहे. दुसऱ्याचं 'पिग्मी एजंट': ३६० रुंदीचा अँड्रॉइड फोन, टच चालू, भाषा इंग्रजी-भारत, कारण आमच्या बहुतेक एजंटांचे फोन इंग्रजीतच असतात. अर्थात हा फोनचा आव आहे, फोन नव्हे, त्यामुळे एक खरा फोन टेबलावर ठेवलेलाच आहे. पिग्मीवाले बाजारपेठेतून फिरतात, मध्येच रेंज जाते. नेट पूर्ण बंद करायची ओळ कॉन्फिगमध्ये आहे, पण रडतखडत चालणाऱ्या नेटची नाही. ते क्रोमियमच्या आतल्या मार्गाने जाऊन करावं लागतं आणि तो कोड अजून माझ्या मनासारखा झालेला नाही.

फाईल आज रात्री पाठवते. लोकेल, टाइमझोन, रुंदी-उंची आणि प्रोजेक्टची नावं, एवढ्या ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्यात.