दोन तळी आणि मधली कोरड

बदामीजवळच्या बनशंकरी देवीची जत्रा सरता सरता, जानेवारीच्या शेवटी आम्ही चौघं बेळगावहून बदामीला गेलो. यरगट्टी, रामदुर्ग करत पोचेपर्यंत दिवेलागण झाली. धाकट्या भावजींच्या ओळखीच्या एका रयतानं शिवारात तंबू टाकायला जागा दिली होती. ओळख नसेल तर गावात विचारा, पण लेण्यांच्या डोंगरावर तंबू टाकायचा विचारसुद्धा नको. ती जागा पुरातत्त्व खात्याची आहे.

काळ्या रानाला एवढ्या भेगा, की खुंटी ठोकली की हलतेच. शेवटी दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. रात्री हुरडा झाला, तिकडे सीतनी म्हणतात. सोबत शेंगाचटणी, आणि लांबून जत्रेतल्या नाटक कंपनीचा भोंगा, पार पहाटेपर्यंत. झोपेची काळजी असेल तर कापूस न्या. दहिवरानं सकाळी तंबू पिळून काढावा असा झाला होता. आणि बूट झटकूनच घाला. माझ्या डाव्या बुटातनं बोटाएवढी इंगळी पडली.

साडेसातला अगस्त्य तीर्थावर होतो. हिरवट पाणी, तिन्ही बाजूंना लाल वालुकाश्माचे कडे, पलीकडच्या काठाला भूतनाथाचं देऊळ. पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या. धोपटणं एकदा आपटलं की आवाज दोनदा, दुसरा समोरच्या कड्यावरनं. चालुक्य राजा पहिल्या पुलकेशीनं किल्ला बांधल्याचा इ.स. ५४३ चा लेख इथल्याच कड्यावर आहे. अगस्त्य ऋषींनी पोटावरून हात फिरवत वातापी राक्षसाला पचवलं, ती ‘वातापि जीर्णो भव’ ही गोष्टही इथलीच, त्यामुळं आदल्या रात्रीच्या हुरड्यावर पोटावरून हात फिरवायचा विनोद करून झाला.

इथून महाकूट, म्हणजे तळ्याभोवतीच्या जुन्या देवळांचं ठिकाण, रस्त्यानं चौदाएक किलोमीटर, पण डोंगरावरच्या जुन्या पायवाटेनं पाच-सहाच. आमची चूक इथं झाली. सुरुवातीला तळं, शेवटी तळं, म्हणून माणशी एकच बाटली घेतली. चढावर एक शेरडं राखणारा म्हातारा म्हणाला, “मुंद नीर इल्लरी,” म्हणजे पुढं पाणी नाही. आम्ही “हौदरी, हौदरी” (हो जी, हो जी) करत पुढं गेलो. कन्नड कळत नाही अशातला भाग नाही, ऐकायचं नव्हतं!

वर सपाट खडक, खुरटी झुडपं, सावली नावाला. दहाच्या सुमारास दगड तापायला लागतो आणि ऊन खालनं येतं. त्यातच शेरडांच्या वाटेला पायवाट समजून आम्ही पाऊण तास भलतीकडं गेलो. घासून गुळगुळीत झालेल्या जुन्या फरशा पायाखाली असतील तर बरोबर चाललाय. नुसती माती आणि लेंड्या दिसल्या की मागं फिरा. माणशी तीन लिटर पाणी घ्या, उन्हाळ्यात हा नाद सोडाच. खायचं सगळं सॅकमध्ये कोंबा, कारण बदामीची माकडं हातातली पिशवी बघूनच ओळखतात.

अकराला महाकूटला उतरलो. विष्णू पुष्करणी झऱ्याच्या पाण्यावर भरलेली असते. मधे छोटा मंडप, त्यात पंचमुखी शिवलिंग. पोरं काठावरनं उड्या मारत होती. आम्ही पायऱ्यांवर बसून नुसते पाय सोडले, तेवढ्यानंच जिवात जीव आला. चालुक्यांची देवळं भोवतीनं आहेत, निवांत बघा. चालुक्य राजा मंगलेशाच्या लेखाचा प्रसिद्ध स्तंभ मात्र इथं शोधू नका, तो विजापूरच्या संग्रहालयात आहे.

परत त्याच वाटेनं चालायची कुणाचीच छाती नव्हती. टमटम केली. भाडं बसायच्या आधी ठरवा, आणि दुपारी तिथं गाडी मिळेलच असं धरू नका.

जेवणासाठी थेट बनशंकरी. तिथलं हरिद्रा तीर्थ पाऊस कमी झाला की कोरडं पडतं, त्यामुळं तळ्यावर भिस्त ठेवू नका. देवळाबाहेर बुट्ट्या घेऊन बसलेल्या अक्कांवर ठेवा. कडक भाकरी, भरलं वांगं, लाल चटणी, गाडग्यातलं दही. फक्त लवकर जा. आम्ही दोनला पोचलो, तेव्हा अक्का रिकामी गाडगी विसळत होती.