चार मुलांची टक्केवारी

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. सातवीपर्यंतच्या आमच्या शाळेचा पट २३ आहे आणि गेल्या वर्षी तिसरीत चार मुले होती.

सरकार मुलांचे शिकणे दोन निरनिराळ्या मापांनी मोजते. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेले परख राष्ट्रीय सर्वेक्षण हे नमुना सर्वेक्षण होते. तिसरी, सहावी आणि नववीच्या वर्गांसाठी ७८१ जिल्ह्यांतील ७४,२२९ शाळा त्यात होत्या, आणि त्याचा निष्कर्ष जिल्ह्याविषयी असतो, एखाद्या शाळेविषयी किंवा मुलाविषयी नसतो. राज्याची संकलित मूल्यमापन चाचणी मात्र वर्गातील प्रत्येक मूल देते. कोण कुठे अडले आहे हे शिक्षकाला कळावे, हा तिचा हेतू. दोन्हींची गरज मला मान्य आहे, कारण आम्ही शिक्षक आपल्याच मुलांना गुण देताना हात थोडा सैल सोडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

(सर्वेक्षणाच्या सरावात सहावीतल्या एका मुलीने चारही पर्यायांचे गोल रंगवले होते, तेही रेषेबाहेर कणभर रंग जाऊ न देता. ‘गोल नीट रंगवा’ असे मीच सांगितले होते, त्यामुळे रागावण्याची सोय नव्हती.)

अडचण पुढे सुरू होते. वर्गातील अडलेले मूल शोधण्यासाठी घेतलेल्या चाचणीचे गुण ऑनलाइन भरले की त्यांची टक्केवारी होते, टक्केवारीचा तक्ता होतो आणि मग शाळा एकाखाली एक लावल्या जातात. पहिल्या संकलित चाचणीत हातच्याची वजाबाकी चारपैकी तिघांना आली, म्हणजे ७५ टक्के. दिवाळीच्या सुट्टीत त्या तिघांपैकी एकाचे आईवडील कामासाठी मुंबईला गेले आणि मुलाचा दाखलाही गेला. दुसऱ्या चाचणीला उरलेल्या तिघांपैकी त्याच दोघांना वजाबाकी आली, म्हणजे ६७ टक्के. एकही मूल काही विसरले नव्हते, तरी बैठकीत पडद्यावर आमच्या शाळेपुढे लाल रंगात ८ टक्क्यांची घट झळकली आणि तिचे कारण मला उभे राहून सांगावे लागले. हजारो मुलांच्या सरासरीत एका मुलाचे जाणे दिसतही नाही. चारांच्या वर्गात तेच एक मूल २५ टक्के असते, आणि कोकणात वाडीवाडीवर अशाच लहान पटाच्या शाळा आहेत.

खरा प्रश्न उरला होता तो वजाबाकी न आलेल्या एका मुलीचा, जी दशकाकडून हातचा घेते पण दशकातला एक कमी करायला विसरते. तिच्याविषयी बैठकीत कोणी विचारले नाही. तक्त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता, म्हणून माझ्या छापील प्रतीच्या समासात मी पेन्सिलीने ‘एक दाखला मुंबईला’ एवढे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी तिला काड्यांचे गठ्ठे सोडवून पुन्हा वजाबाकी करायला बसवले.