सुडान ब्लॅक आणि आजीचं बळद

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट) घेतलं, कारण ते सोपं वाटलं. जिवाणू पोटात त्याचे चरबीसारखे कण साठवतात, ते रंगवून बघायचे, बास.

लातूरजवळच्या आमच्या रानातली काळी माती आणली, पाण्यात कालवली, ८० अंशांवर १० मिनिटं ठेवली. एवढ्या उष्णतेत बीजाणू, म्हणजे काही जिवाणूंची टणक, झोपलेली रूपं, तगतात, म्हणून पुढे बॅसिलस हा बीजाणू करणारा काडीसारखा जिवाणू हाती लागतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लम्वान यांना १९२६ मध्ये पीएचबी बॅसिलसमध्येच सापडलं होतं.

जिवाणू रंगवायचा नेहमीचा ग्रॅम स्टेन केला तर जांभळ्या काड्यांत पांढऱ्या फटी. मी लगेच वहीत ‘कण दिसले’ लिहून मोकळी. मॅडमनी बीजाणू रंगवणारं मॅलाकाइट ग्रीन करायला लावलं, तर फटी हिरव्या झाल्या. कण कसले, बीजाणूच होते ते!

मग सुडान ब्लॅक, चरबीला धरणारा काळा रंग. पंधरा मिनिटं रंग, धुवायला झायलीन, वरून गुलाबी सॅफ्रानिन. सगळं गुलाबी. तीन आठवडे नुसतं गुलाबी. रंग जुना असेल म्हणून नवा केला, गाळला, तरी तेच.

चूक खाण्यात होती. मी जिवाणू न्यूट्रिएंट अगार या तयार खाद्यावर वाढवत होते. त्यात पेप्टोनमुळे नत्र भरपूर, म्हणून जिवाणू खातो आणि वाढतो. पंगतीत बसलेल्याला शिदोरी कशाला लागते? मग २ टक्के ग्लुकोज आणि अगदी चिमूटभर अमोनियम सल्फेट घातलं. ४८ तासांनी तेलाचा थेंब टाकून १००ची लेन्स लावली. गुलाबी काड्यांत निळेकाळे मणी! एकीत तर सहा, एकमेकांना खेटून. मी स्टुलावरून उठलेच नाही.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. हायपोक्लोराइटने पेशी फोडल्या, क्लोरोफॉर्ममध्ये पीएचबी विरघळवलं, डोकं दुखलं. शेवटी काचेवर सायीसारखा पांढरा पापुद्रा उरला.

गावी गेल्यावर आजीला मोबाईलवर फोटो दाखवला. म्हटलं, आपण धान्य साठवतो तसं हे जिवाणूचं बळद.

“काय सांगायलीस! बळद सुगीला भरायचं असतंय. ह्यानं कधी भरलं?”

साखर उदंड होती पण नत्र नव्हतं, त्यामुळे वाढता येईना, मग उरलेली साखर अशी साठवली, असं समजावलं.

“म्हंजी गूळ दिलास आन् युरिया दिला न्हाईस,” म्हणाली, आणि ज्वारी पाखडायला लागली.